धार कशी आहे?

तुमच्या गावच्या बाजारात सकाळपासून दिवस कलेपर्यंत टोपली मांडून बसलेली बाई लघवीला कुठे जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

हा शब्द वाचताच तुम्ही मान वर केलीत आणि शेजारी कुणी बसलंय का ते पाहिलंत. पाहा, खुशाल पाहा. सगळं पनवेल असंच पाहायचं. फक्त एक माणूस पाहायचा नाही, आणि तो माणूस म्हणजे आमचे डॉक्टर.

उंच, किडकिडीत, डोक्यावर सोला टोपी, पँटला सायकलच्या क्लिपा. सायकलच्या मागे कॅनव्हासची पिशवी आणि त्या पिशवीत काचेच्या बाटल्या. डॉक्टर दिसायच्या आधी बाटल्यांची किणकिण ऐकू यायची आणि रस्त्यावरचे वयस्कर पुरुष जवळच्या दुकानात शिरायचे. कापडाचं दुकान असो, पत्रावळींचं असो. कारण डॉक्टर नमस्कार म्हणत नसत. ते विचारत, "धार कशी आहे?"

एकदा एस.टी. स्टँडवर एक रिटायर्ड मामलेदार लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहत उभे होते. भोवती पंचवीस-तीस माणसं. डॉक्टरांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय रावसाहेब, धार कशी आहे? सलग, की मधे तुटते?" रावसाहेबांनी समोर आली ती गाडी पकडली. ती पेणची होती.

डॉक्टरांना यात चेष्टा अजिबात करायची नसे. त्यांना खरोखरच माहिती हवी असायची. मुंबईला शिकलेला हा माणूस गिरगावात पाटी लावून सुखाने राहू शकला असता. पण शिकताना त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या इस्पितळात मुतखड्याची जी पोरं येतात त्यांतली पुष्कळशी खाडीपलीकडून येतात. मग हे खाडी ओलांडून इकडे आले आणि इथेच राहिले. पोरांना खडा का होतो, पोर अंथरूण का ओलं करतं, म्हाताऱ्याची लघवी का अडते, बायकांना पुन्हा पुन्हा जळजळ का होते, या चार प्रश्नांवर त्यांचं संशोधन चालायचं. सरकारचा छदाम नाही, हाताशी प्रयोगशाळा नाही. एक स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या आणि आख्ख्या तालुक्याची लघवी.

दवाखाना घरातच. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मुतखडे मांडलेले. मुंबईला ऑपरेशन करून आलेला पेशंट खडा आठवणीने डॉक्टरांना आणून देई. चिंचोक्याएवढे, आवळ्याएवढे, आणि एका म्हाताऱ्याचा तर चांगला लिंबाएवढा. लोक पाहुण्यांना नातवंडांचे फोटो दाखवतात तसे डॉक्टर खडे दाखवत. "हा रोडपालीचा. हा उरणचा. आणि हा बघा, हा आमचा लिंबू, किती गुळगुळीत आहे."

नमुने कशातून येतील याचा नेम नसे. शाईची दौत, बामची बाटली, माक्याच्या तेलाची बाटली. एकाने अत्तराची कुपी आणली होती. त्या नमुन्याचा डॉक्टरांनी वास घेतला आणि वहीत रोगाच्या रकान्यात 'मोगरा' असं लिहिलं. या सगळ्याचा एक परिणाम असा झाला, की त्यांच्या घरी कुणी पाहुणा लिंबाचं सरबत घेईना. काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, कितीही आग्रह केला तरी लोक म्हणत, "दूधच द्या." दूध पांढरं असतं. त्यात शंकेला जागा नाही.

शाळेशी तर त्यांचं कायमचं वाकडं होतं. वर्गात पोरांनी करंगळी वर केली की मास्तर सोडत. डॉक्टर शाळेतली पोरं तपासायला गेले आणि त्यांनी करंगळी बंद करायला सांगितलं. "तोंड दिलंय ना देवाने? 'मला लघवीला जायचंय' असं म्हणायचं. आज बोट दाखवणारा पोरगा उद्या म्हातारा होऊन माझ्याकडे येतो आणि तुंबलेली लघवी बोटांनी सांगतो. मला काय कळणार?" हेडमास्तर म्हणाले, "पण डॉक्टर, सभ्यता म्हणून काही?" डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयाला सभ्यता कळत नाही. तुम्हांला कळते, म्हणून तुम्हांला त्रास आहे." हेडमास्तरांना त्रास होता. तो त्यांनी डॉक्टरांना खासगीत सांगितला होता, करंगळी दाखवून.

अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांच्या बाबतीत मात्र डॉक्टर फार मऊ होते, आणि त्यांच्या बापांच्या बाबतीत फार कडक. गावातले एक नामांकित वकील आपल्या आठ वर्षांच्या मुलाला कान धरून घेऊन आले. मिशा अशा, की कोर्टात साक्षीदार आधी त्यांचीच शपथ घेई. वकील म्हणाले, "याला आता बिब्ब्याचा डाग देणार आहे. लाज नाही कारट्याला." डॉक्टरांनी मुलाला बिस्किट दिलं आणि वकिलांना विचारलं, "तुमच्या मातोश्री आहेत का हो घरी?" माणूस पाठवून मातोश्रींना बोलावलं. त्या आल्या, बसल्या, आणि डॉक्टरांचा प्रश्न ऐकून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "हा? अहो, हा मुंजीपर्यंत. मुंजीच्या रात्री नवं सोवळंसुद्धा..." "आई," वकील म्हणाले. पोर बिस्किट खायचं थांबून बापाकडे पाहत होतं. असं कौतुकाने त्याने बापाकडे आधी कधी पाहिलं नसेल. डॉक्टर म्हणाले, "बापाला असलं की पोरात येतं, आणि वय वाढलं की आपोआप जातं. वकिलीत अडथळा येत नाही. डाग द्यायचाच तर दोघांना द्या."

मी डॉक्टरांकडे गेले ती पत्रक लिहायला. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडिलांचं सगळं आयुष्य चळवळींत गेलेलं, त्यामुळे मी बाराखडी शिकले तीच मुळी 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते आणि डॉक्टरांना 'भरपूर पाणी प्या' असं पत्रक खेड्यांत वाटायचं होतं. त्यांची तेव्हा ठाम समजूत होती की बायकांच्या दुखण्याचं मूळ विहिरींत आहे. खाडीकाठच्या विहिरी मचूळ. म्हणून दर विहिरीचं पाणी बाटलीत भरून त्यांनी दुसरं कपाट भरलं होतं. ही बाटली कामोठे, ती कळंबोली. त्यावर ते एक निबंध लिहीत होते आणि तो मुंबईच्या डॉक्टरांच्या परिषदेत वाचणार होते.

त्या निबंधाला एकाच पेशंटने सुरुंग लावला. तिचं नाव सोनाबाय.

सोनाबाय कामोठ्याची. खाडीची मासळी डोक्यावर घेऊन रोज चालत पनवेलच्या बाजारात यायची. अंगाने काटक, जीभ कोयत्यासारखी. महिना-दोन महिन्यांनी तिला थंडी वाजून ताप यायचा, कंबर धरायची, लघवीला आग व्हायची. डॉक्टर सल्फाच्या गोळ्या देत, ती बरी होई आणि पुन्हा येई. प्रत्येक वेळी ताप आधीपेक्षा वाईट. डॉक्टर मला एकदा म्हणाले, "हिची मूत्रपिंडं अशीच भाजत राहिली तर ही फार वर्षं काढणार नाही. आणि मला कळत नाहीये, का."

त्यांना कळत नव्हतं याला कारण होतं. आपल्याकडे बाई दवाखान्यात गेली की बोलतो तिचा नवरा. डॉक्टर विचारत, "पाणी किती पितेस?" आणि नवरा सांगे, "भरपूर पिते." "जळजळ?" "थोडी हाय." "दिवसातून किती वेळा जातेस?" यावर नवरा छताकडे पाही, हिशेब केल्यासारखं करी आणि म्हणे, "जाते की वेलच्या वेली." डॉक्टर बिचारे ते सगळं खरं मानून चालले होते.

त्या दिवशी सोनाबायच्या नवऱ्याचं स्वतःचंही थोडं दुखणं होतं. डॉक्टरांनी त्याला बाटली देऊन मागच्या अंगणात पाठवलं. तो गेला तो येईचना. का येईना, त्याचं निदान पुढे यथावकाश झालं. पण तेवढ्या वेळात खोलीत राहिलो आम्ही तिघं.

"सोनाबाय, पाणी पितेस ना सांगितल्याप्रमाणे?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी पिते."

"आणि बाजारात?"

सोनाबायने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "बाजारात कोन पिनार? पिऊन जायचं कुठं? तुमच्या दवाखान्यात?"

"म्हणजे दिवसभर?"

"सकाली निंघताना घोटभर चा. मंग एकदम घरी जाऊन. सगल्या तशाच. पुरुषांना हाय ती भिंत तांदूळबाजारामागं. आमाला काय हाय?"

"तुझा नवरा तर म्हणतो, भरपूर पिते."

"त्याला काय ठावं? तो काय बाजारात बसतो?"

डॉक्टर उठले आणि कपाटापुढे जाऊन उभे राहिले. सगळ्या विहिरी ओळीने उभ्या होत्या, लेबलं लावून. "गाढव आहे मी," ते म्हणाले. "विहिरींना विचारत बसलो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराला पाटी लागली. 'ज्याची लघवी त्यानेच सांगावी.' नवरे बाहेरच्या ओट्यावर, बायका आत. प्रश्न मी विचारायचे आणि डॉक्टर पडद्याआड बसून ऐकायचे. सुरुवातीला नवऱ्यांना ओट्यावर करमेना. एकजण खिडकीतून ओरडून बायकोची उत्तरं सांगायचा. डॉक्टरांनी त्याच्या हातात बाटली देऊन त्याला मागच्या अंगणात धाडलं.

आणि मग बायका जे बोलायला लागल्या ते लिहून घ्यायला माझ्यासारख्या पत्रकांवर वाढलेल्या मुलीलाही वही पुरेना. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला मासळी नेणाऱ्या बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायच्या. मिठागरावर उन्हात राबणाऱ्या बायका ओठ फुटले तरी पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. मला शिकवून गेलेल्या एक बाई शाळेच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घेत नव्हत्या. बाजार कमिटीतल्या दोघांच्या बायकाही आल्या होत्या. नावं सांगणार नाही, डॉक्टरांनी शपथ घातली होती. सगळ्यांचा आजार एक आणि त्यावरचं औषधही एकच होतं. चार भिंती, एक दार आणि पाण्याची टाकी.

डॉक्टरांनी मला नवं पत्रक लिहायला सांगितलं. मी पेटून लिहिलं, 'उठा, भगिनींनो.' डॉक्टरांनी वाचलं आणि 'उठा' वर काट मारली. "उठून जातील कुठे? जागा नाही म्हणून तर पत्रक आहे."

छापखान्याचे मालक पत्रक हातात घेईनात. ते लग्नपत्रिका छापायचे. "डॉक्टर, याच खिळ्यांनी मी 'श्री गजानन प्रसन्न' जुळवतो. तेच खिळे 'लघवी'ला लावू?" डॉक्टर म्हणाले, "ज्या तोंडाने तुम्ही आरती म्हणता, त्याच तोंडाने परवा मला काय सांगत होतात?" मालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कागद घेतला. पत्रक छापलं, पण तो एक शब्द इतक्या बारीक टायपात की लोकांना वाटलं, शाई संपली.

पत्रक बाजार कमिटीकडे गेलं. बाजाराची जागा, भिंती, गटारं हे सगळं या कमिटीच्या हातात. कमिटीत पाच व्यापारी, पाचही पुरुष. अध्यक्ष भाताचे मोठे व्यापारी, गोरेपान, पोट पुढे. ते म्हणाले, "डॉक्टर, आजवर एका बाईने तक्रार केलेली नाही." कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "त्यांना लागत नसेल. आमच्या घरातल्या बायका दिवसा जाताना मला तरी कधी दिसल्या नाहीत." डॉक्टर म्हणाले, "तुम्हांला दिसाव्यात अशी अपेक्षाही नाही." कमिटीने विषय पुढल्या सभेवर ढकलला. पुढली सभा कधी, ते कुणी सांगेना.

मधल्या काळात सोनाबाय पुन्हा तापाने पडली. या वेळी शुद्ध हरपली. डॉक्टर सायकलने कामोठ्याला गेले आणि तिथेच राहिले. ती उठून बसली तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, "आता पाणी प्यायलीस तर जगशील." ती म्हणाली, "आनि मासली कोन विकंल? तुमी?" डॉक्टर तिथून परत आले. काकूंनी जेवायला वाढलं तर म्हणाले, "कोकम किती आहे घरात?"

रविवारी दुपारी कमिटीला डॉक्टरांच्या घरचं आमंत्रण गेलं. 'संशोधनावर चार शब्द आणि अल्पोपाहार.' अल्पोपाहार म्हटल्यावर पाचही आले. काकूंनी कोकम सरबत पुढे केलं. रंग लाल, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. ऊन रणरणत होतं. पेले चांगले तांब्याएवढे. एक झाला, दुसरा झाला. मग कलिंगड. मग चहा. मग, "उन्हाचं पाणी घ्या थोडं," असं म्हणत माठातलं वाळा घातलेलं पाणी.

दाराशी जमिनीवर सोनाबाय बसली होती, रिकामी टोपली पुढ्यात घेऊन. दोन आठवड्यांत गालफडं बसली होती, पण पाठ ताठ.

डॉक्टर म्हणाले, "मंडळी, एक गंमतीचा नियम. आजची सभा बाजारासारखी चालेल. सोनाबाय उठली की सगळ्यांनी उठायचं. तोवर कुणी नाही." पाचही जण हसले. अध्यक्ष म्हणाले, "हात्तिच्या. ही काय अट झाली?" आणि त्यांनी आणखी एक पेला मागून घेतला.

डॉक्टरांनी निबंध वाचायला सुरुवात केली. आधी पोरांचे खडे. मग प्रत्येक खडा फिरवून दाखवला. मग अंथरूण ओलं करणारी मुलं, त्यांचे बाप, बापांचे बाप. काकू मधून मधून येऊन पेले भरत होत्या. थोड्या वेळाने एका सभासदाने पायावर पाय टाकला. मग पाय बदलला. दुसरे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक पाहू लागले. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला.

"डॉक्टर, अजून बरंच आहे का?"

"आता तर कुठे म्हाताऱ्यांपर्यंत आलोय."

"नाही, म्हणजे जरा मोकळं होऊन..."

"सोनाबाय, उठायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मना घाई नाय," सोनाबाय म्हणाली. "अजून मासली खपली कुठं?"

डॉक्टर माणूस सज्जन. ते म्हणाले, "हे पाहा, ज्याला प्रोस्टेटचा त्रास असेल त्याला सूट आहे. आजाऱ्याला कसली सक्ती? त्याने नुसता हात वर करावा." पाचांपैकी तिघं डॉक्टरांचेच पेशंट. पण सोनाबायसमोर, माझ्यासमोर, एकमेकांसमोर हात कोण वर करणार? एकही हात हलला नाही. एक करंगळी तेवढी गुडघ्यावर थरथरत होती.

डॉक्टरांनी पान उलटलं. काकूंनी माठातून पेल्यात पाणी ओतलं, जरा उंचावरून, अगदी सावकाश. त्या बारीक धारेचा आवाज खोलीत घुमला आणि अध्यक्षांनी डोळे मिटले.

"ठराव मंजूर," ते म्हणाले.

"पण मी अजून मांडलेलाच नाही."

"जो असेल तो मंजूर."

"जागा कुठे?"

"म्हणाल तिथे."

"दार? कडी आतून हवी."

"आतून, बाहेरून, हवी तिथे लावा."

"आणि पाण्याची टाकी..."

"डॉक्टर," अध्यक्ष कळवळून म्हणाले, "पाण्याचं नाव काढू नका."

पाचांनी सह्या केल्या. त्यातल्या दोन पुढे कुणालाच वाचता आल्या नाहीत. मग सोनाबाय सावकाश उठली, लुगडं झटकलं, टोपली काखेत घेतली. पुढचं वर्णन करायला शब्द नाहीत. एवढंच सांगते, की मागच्या अंगणाचा बोळ अरुंद आहे आणि अध्यक्ष घरी गेले ते एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात सेक्रेटरींची घालून.

पावसाळ्याआधी बाजारात बायकांची मुतारी उभी राहिली. आतून कडी, बाहेर टाकी. पहिल्या दिवशी कुणी जाईना, सगळ्या एकमेकींकडे पाहत बसल्या. सोनाबाय भर बाजारात तांब्याभर पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "टोपली बघ गं." मग सगळ्यांच्या देखत चालत गेली. नंतर तिला ताप आलाच नाही असं नाही. पण वर्षातून एखादा. मूत्रपिंडं वाचली.

मुंबईच्या परिषदेत डॉक्टरांनी विहिरी सोडून बाजारातल्या बायकांवरचा निबंध वाचला. कुणा मोठ्या सर्जनने विचारलं, "उपचार काय दिलात?" डॉक्टर म्हणाले, "विटा आणि चुना." सभागृह हसलं. डॉक्टरांना हसायचं कारण कळलं नाही.

मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. सायकल सुटली होती, केस पिकले होते. गप्पा मारताना ते पुन्हा पुन्हा उठत आणि 'जरा खिडकी लावून येतो' म्हणून मागे जात. त्या घराला इतक्या खिडक्या नाहीत. तेवढ्यात सोनाबाय जिताडा मासा घेऊन आली. ओटीवर बसून तिने दोन खिडक्या लागू दिल्या. मग म्हणाली, "डाक्तर, धार कशी हाय?"

डॉक्टर म्हणाले, "बरी आहे."

"बरी कसली?" आतून काकू म्हणाल्या. "रात्रभर उठबस चाललेली असते. वर्ष झालं. सांगतील तर शपथ."

"अगं, तू का बोलतेस मधे? ज्याचं त्याने सांगायचं, हा आपला नियम आहे."

"मंग सांगा ना," सोनाबाय म्हणाली. "आमी काय नवऱ्यांसारख्या ओट्यावं जाऊन बसू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, सोनाबायकडे पाहिलं, खड्यांच्या कपाटाकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि ज्या माणसाने शाळेतून ती खूण हद्दपार केली होती, त्याने हळूच करंगळी वर केली आणि तो मागच्या अंगणात गेला.

सोनाबाय इतकी हसली की जिताडा टोपलीतून घसरला. पण डॉक्टर परत आले तेव्हा ती हसत नव्हती. म्हणाली, "मुंबईला कवा जायचं? मी येते बरोबर. तुमी आलावता ना कामोठ्याला." ती आणि काकू दोघी बरोबर गेल्या, मुंबईला ऑपरेशन झालं. आता डॉक्टर संध्याकाळी एस.टी. स्टँडपर्यंत चालत जातात आणि भेटेल त्याला, न विचारता, सांगतात की धार उत्तम आहे. लोक मिळेल ती गाडी पकडतात.

म्हणून तुम्हांला एक काम सांगते. हा मजकूर वाचून झाला की तुमच्या बाजारात जा. बायकांसाठी जागा कुठे आहे ती शोधा, तिची कडी आतून लागते का ते पाहा. सापडली नाही तर तिथे बसलेल्या बाईलाच विचारा. तिच्या नवऱ्याला नको, तिलाच. मग तुमच्या कमिटीला रविवारी दुपारी घरी बोलवा. कोकम पुष्कळ भिजत घाला. पेले मोठे घ्या. आणि तिला आधी दाराशी बसवा.